चार दहाची टकटक

सोमवारी रात्री रामनाथ परुळेकरनं फोन उशाशी ठेवला, तेव्हा तो ओळखीचा होता. मंगळवारी सकाळी उठून बघतो तर रात्रीत कुणी नेपथ्य बदलून गेल्यासारखं सगळं वेगळं. अक्षरं भोपळ्याएवढी. चित्रं भलत्याच जागी. बायकोचा, मथुराचा फोटो गायब, आणि तिथे कुठल्यातरी परदेशी डोंगरावरचं बर्फ. मधोमध एक ओळ: तुमचा फोन अद्ययावत झाला आहे. खाली प्रश्नांमागून प्रश्न. रामनाथ प्रत्येकाला ‘होय’ म्हणत गेला. नाही म्हटलं आणि रुसून बंद पडला तर काय घ्या!

चाळीस वर्षं पडद्यामागे काढलेल्या माणसाला नेपथ्य बदलल्याचं काय कौतुक? चष्मा लावून, एकेक चित्र बोटानं सरकवत त्यानं दुपारपर्यंत बराचसा संसार पुन्हा लावला. मथुरा बर्फावरून परत आली. जेवून तो बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पडला, आणि चार वाजून दहा मिनिटांनी सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला.

काचेवर लिहिलं होतं: दारावर टकटक. आत्ताच.

रामनाथनं उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जिना रिकामा. समोर तुळशीची कुंडी, आणि बाजूला शेजारीण पद्मजाबाईंचं बंद दार.

बुधवारी तसंच. चार दहा. दारावर टकटक. दारात कुणी नाही.

गुरुवारी रामनाथ चार वाजल्यापासून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यातच उभा राहिला. समोरून मांजर गेलं. दुसरं काही आलं नाही, गेलं नाही. चार दहाला हातातला फोन थरथरला: दारावर टकटक. आत्ताच.

आणि टकटक हा तर रामनाथचा जन्माचा धंदा होता.

दिवसा तो सरकारी छापखान्यात असे आणि संध्याकाळी नाटकात. विंगेत त्याचं एक लाकडी खोकं असायचं. नाटकातलं दार वाजायचं ते त्या खोक्यावर, रामनाथच्या बोटांनी. पोलिसाची टकटक वेगळी, रुसून गेलेल्या मुलाची वेगळी, वाईट बातमी घेऊन आलेल्या शेजाऱ्याची तर अगदीच वेगळी. “रामनाथ ठोकतो तेव्हा दाराबाहेर कोण आहे ते प्रेक्षकांना नटाच्या आधी कळतं,” असं मंडळी म्हणायची. पडदा उघडण्याआधीच्या तीन घंटाही त्याच्याच. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी ती पितळी घंटा त्याच्याच हातात दिली. गोरेगावच्या त्याच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्याशेजारी ती टांगलेली असे.

पण दिवसभर यंत्रांचा खडखडाट आणि रात्री कानाशी गडगडणारे कर्णे. साठीत कान गेले. ऐकण्याचं मशीन घेतलं, ते शिट्ट्या मारायचं. शिवाय नाटकवाल्याची खोड अशी की चांगली वस्तू प्रयोगासाठी राखून ठेवायची. मशीन एरवी खणात कापसात गुंडाळलेलं, आणि नाटकाला जाताना कानात. घरात काय ऐकायचंय? मथुराचे ओठ तो डोळ्यांनी वाचायचाच. विंगेतून नटांच्या ओठांवर नजर ठेवून ठेवून ती विद्या कधीच आली होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका गुरुवारी, तो असाच आरामखुर्चीत पेपर वाचत होता. मशीन खणात. पावणेपाच झाले तरी चहा आला नाही म्हणून तो आत गेला, तर मथुरा ओट्याखाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, चार-सव्वाचारला गेल्या असाव्यात. तिच्या हातात लाटणं होतं. त्या वेळी पोळ्या नव्हत्या, पोळपाट काढलेला नव्हता. नुसतं लाटणं.

ते कशासाठी, हे रामनाथनं कुणाला सांगितलं नाही. मथुराचं आणि शेजारच्या पद्मजाबाईंचं स्वयंपाकघर एका भिंतीला भिंत लावून होतं. तीस वर्षं त्या दोघींचा कारभार लाटण्यावर चाले. भिंतीवर दोन ठोके, म्हणजे चहा टाकलाय, ये. तीन ठोके, म्हणजे असशील तशी ये. निळ्या रंगावर तीस वर्षांचे टवके उडाले होते. त्यातले शेवटचे कोणते, ते कसं कळणार? त्या दिवशी तिनं ठोकलं का? दहा पावलांवर, पेपर वाचत बसलेल्या, आयुष्यात विंगेतला एक क्यू, एक इशारा न चुकवलेल्या माणसानं हा एकच चुकवला का? वर्षभर रामनाथ या प्रश्नासकट जेवत होता, झोपत होता.

आणि आता चार दहा.

शुक्रवारी टकटक होऊन गेल्यावर तो सईच्या फोनदुरुस्तीच्या दुकानात गेला. स्टेशनच्या गल्लीत, तिशीतली, कपाळावर भिंग चढवून बसणारी बाई. त्याच्याशी बोलताना ती तोंड सरळ त्याच्याकडे करी.

“काय काका, काय वाट लावून आणलीत?”

“मी नाही लावली गं. त्यानं स्वतःच लावून घेतली. रात्रीतून.”

“अपडेट! तीन दिवस तेच चाललंय. कुणाची बॅटरी उतरते, कुणाचा आवाज गेला, एका आजींचा फोन तर गुजरातीत बोलायला लागलाय.” तिनं फोन उलटसुलट केला. “तुमचा झकास आहे की.”

“तो दार वाजलं म्हणून सांगतो. दारात कुणी नसतं.”

“अहो, ती नवी सोय आहे! ज्यांना ऐकायला कमी येतं ना, त्यांच्यासाठी. फोन घरात कान देऊन बसतो. दार वाजलं, बाळ रडलं, कुत्रा भुंकला, की लिहून दाखवतो. तुम्ही सगळ्याला होय होय केलंत ना? बघा, यादीपण ठेवतो.”

तिनं यादी उघडली. मंगळवार, चार दहा. बुधवार, चार दहा. गुरुवार, चार दहा. शुक्रवार, चार दहा. सई हसायची थांबली.

“पाइप असतील,” ती म्हणाली. “पंप सुरू झाला की पाइप ठोकतात भिंतीत. एकीचा फोन कुकरच्या शिटीला बाळ रडतंय म्हणतोय.”

“आमचा पंप सकाळी सहाला.”

“मग वरती कुणीतरी खलबत्ता कुटत असेल. बंद करून देऊ? हे एवढंसं बटण. तुम्हालाही जमेल.”

“त्यानं ऐकलेलं आपल्याला परत ऐकवतो का तो?”

“नाही ओ. लिहितो फक्त. ठेवत नाही.”

“मग कुणी ठोकलं ते कसं कळायचं?”

“ते फोनला कसं कळणार काका?”

“मला कळायचं,” रामनाथ म्हणाला, आणि फोन खिशात टाकून निघाला.

शनिवारी चार वाजता तो स्वयंपाकघरात गेला. वर्षभर तो तिथे चहापुरता जाई आणि भिंतीकडे पाठ करून उभा राही. आज त्यानं खणातून मशीन काढून कानात घातलं. पण वर्षभर कापसात पडून ते मेलं होतं. मग त्यानं उजवा तळवा त्या निळ्या भिंतीवर टेकला. कान गेले तरी हात गेले नव्हते. ठोका असेल तर तळव्याला लागणारच, पाइप असो नाहीतर खलबत्ता. डाव्या हातात फोन.

चार दहा. डाव्या हातात फोन थरथरला. उजव्या तळव्याखाली भिंत थंडगार आणि मुकी होती.

रामनाथ हात न काढता तसाच उभा राहिला. म्हणजे हे भिंतीतून येत नव्हतं. दारातूनही येत नव्हतं. फोनला ऐकू येत होतं ते याच घरातलं होतं.

रविवारी तो घरात थांबलाच नाही. फोन मागे ठेवून दुपारभर बागेतल्या बाकावर बसून राहिला. परत आला तेव्हा काचेवर तीच ओळ वाट बघत होती.

सोमवारी सकाळी त्यानं ठरवलं, बास. मथुरा असेल तर ती एकच गोष्ट सांगायला येत असणार, आणि ती ऐकायची आपल्यात ताकद नाही. पावणेअकराला, आंघोळ करून, देवाला फूल वाहून, सईनं दाखवल्याप्रमाणे त्यानं ते पान उघडलं. एवढंसं बटण. हात जोडून माफी मागावी तसा क्षणभर थांबला आणि बोट पुढे केलं.

फोन थरथरला. दारावर टकटक. आत्ताच.

रामनाथनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. पुन्हा थरथर. पुन्हा. ओळीखाली ओळ उमटत चालली, दारावर टकटक, दारावर टकटक, जणू फोनचेच दात वाजत होते. रामनाथ स्वयंपाकघराकडे वळला. एकदा चुकलं होतं. त्यानं तळवा भिंतीवर टेकला.

या वेळी भिंत मुकी नव्हती. ठक, ठक, ठक. मग खंड. ठक, ठक, ठक. शेवटचा ठोका दर वेळी लुळा पडत होता, हातात जोर नसल्यासारखा. खोक्यावर असा ठोका त्यानं शेकडो वेळा दिला होता. हा आत येऊ बघणाऱ्याचा ठोका नव्हता. हा आत अडकलेल्याचा होता. आणि तो पलीकडून होता.

असशील तशी ये.

पद्मजाबाईंच्या घराची किल्ली मथुरानं लाल दोऱ्यात ओवून कॅलेंडरमागच्या खिळ्याला लावली होती. ती अजून तिथेच होती. रामनाथ नुसत्या पंच्यावर धावला. पद्मजाबाई ओट्याखाली पडल्या होत्या. पाय भलतीकडे वळलेला, कपाळ घामानं डबडबलेलं, हातात लाटणं. तेच दृश्य. फक्त हे डोळे उघडे होते आणि त्याच्याकडे बघत होते.

रामनाथ परत आपल्या घरात धावला, घंटा उतरवली आणि जिन्यात उभं राहून दिली. पहिली. दुसरी. तिसऱ्या घंटेला बिल्डिंगची सगळी दारं उघडली. वरच्या मजल्यावरचा निहार गाडीची किल्ली घेऊनच खाली आला.

खुबा मोडला होता आणि साखर पार उतरली होती. दुपारपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर आम्हाला काही करता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी निहारला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामनाथ हॉस्पिटलात गेला. पद्मजाबाई उशीला टेकल्या होत्या.

“भाऊजी, पंच्यावर आला होतात म्हणे. सगळी बिल्डिंग हसतेय.”

“प्रवेश चुकायला नको म्हणून. वेशभूषेला वेळ नव्हता.”

त्या हसल्या, मग कळवळल्या. “पण तुम्हाला ऐकू गेलं कसं? मी आधी ओरडले. मग आठवलं, शेजारी तुम्ही, तुम्हाला कुठलं ऐकू येणार. भिंत ठोकली ती निदान वरच्यांना कळेल म्हणून.”

रामनाथनं फोन पुढे केला आणि सगळं सांगितलं. मंगळवारपासूनचं. “मला काय काय वाटलं, काय सांगू! आता कळलं. शनिवारी भिंतीला हात लावला होता, पण माझ्याच तळव्याला लागलं नसेल. तुम्हीच ठोकत होतात ना रोज? चहाच्या वेळेला. दोन ठोके. सवयीनं.”

पद्मजाबाईंनी मान हलवली. त्याला नीट वाचता यावं म्हणून त्या सावकाश बोलल्या.

“मथुरा गेल्यापासून मी त्या भिंतीला हात लावला नव्हता. काल पहिल्यांदा. कुणासाठी ठोकू हो?” त्यांचे डोळे भरले. “त्या दिवशी मी नाहूरला लेकीकडे गेले होते. घरी असते तर तिचा ठोका मला ऐकू आला असता. वर्षभर तेच डोक्यात आहे माझ्या.”

वर्षभर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं एकच गोष्ट गिळून बसली होती. रामनाथनं त्यांच्या पांघरुणावर हात ठेवला.

“पद्मजाबाई, मी तर घरातच होतो.”

त्यांनी तो हात बराच वेळ धरून ठेवला.

तो निघाला तेव्हा साडेतीन झाले होते. घरी येऊन त्यानं शेजारचं कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. पलीकडे कुणी नव्हतं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं स्टूल त्या भिंतीसमोर ठेवलं आणि बसला. या वेळी पाठ करून नाही. फोन ओट्यावर उताणा. बटण तसंच, चालू.

चार दहा. फोन ओट्यावर थरथरत जरासा सरकला. दारावर टकटक. आत्ताच.

“आलो गं,” रामनाथ मोठ्यानं म्हणाला. स्वतःचाही आवाज त्याला ऐकू आला नाही. त्यानं डब्यामागून मथुराचं लाटणं काढलं आणि निळ्या भिंतीवर, टवक्यांच्या मधोमध, दोन ठोके दिले.

फोननं ते लिहून घेतले. मग काच काळी झाली. रामनाथ काळ्या काचेकडे बघत बसला. एवढ्यात काच पुन्हा उजळली, आणि त्याच ओळीखाली आणखी एक ओळ आली: दारावर टकटक. लाटणं त्याच्या मांडीवर होतं.

रामनाथनं उठून गॅस पेटवला आणि दोन कप पाणी आधणाला ठेवलं.