घाबरायचं तर मोजून घाबरा

दर दहा मिनिटांनी ते शर्टाच्या खिशातून फोन काढायचे, चष्मा कपाळावर सारायचे, फोन नाकाशी नेऊन बघायचे आणि परत खिशात टाकताना म्हणायचे, “आहे.” समोर कोण बसलंय, बोलणं कुठवर आलंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एकदा गल्लीतले एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचं सांगत होते. ऐन शेवटाला काकांनी फोन काढला आणि म्हणाले, “आहे.” ते गृहस्थ बिचारे गोंधळले. “नाही हो, गेले,” म्हणाले.

काका म्हणजे माझे घरमालक. कोरमंगलाच्या जुन्या भागात चारही बाजूंनी नोकरदार पोरापोरींचे पीजी उगवलेत, त्यांच्या मधोमध त्यांचं दोन मजली घर. खाली काका-काकू, वर भाड्यानं मी. मी नागपूरची, नोकरीसाठी इथं आलेली. त्यांचं कुटुंब दोन पिढ्यांपासून बेंगळुरूत, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड “स्वल्प थांब” आणि “सरी, सरी” चहातल्या साखरेसारखं विरघळलेलं. उभा जन्म त्यांनी सरकारी कारखान्यात काढला, तोही मोजमापाची यंत्रं तपासायच्या विभागात. “अंदाज” हा शब्द तिथं शिवी होती म्हणे. मी एकदा शेंगदाण्याची चटणी दिली आणि “थोडी आहे” म्हटलं, तर वाटी हातात धरून म्हणाले, “थोडी म्हणजे किती? मला गोळी घ्यायची असते, त्या हिशेबानं खातो.” मी वैतागून म्हटलं, “सहा चमचे.” तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

आणि ते “आहे” होतं काकूंसाठी.

काकूंना विसरायला व्हायचं. आधी नावं गेली, मग दिवस, मग रस्ते. मला त्या आपली धाकटी बहीण समजायच्या आणि केस विंचरत नाहीस म्हणून रागवायच्या. फाटक उघडं दिसलं की चालू लागायच्या. काकांनी त्यांच्या हाताला घड्याळ बांधून पाहिलं, गळ्यात पट्टा घालून पाहिला. काकू सगळं काढून तुळशीत ठेवायच्या. शेवटी काकांनी काडेपेटीएवढी डबी स्वतः बनवली, आत सिम बसवलं, वरून लाल कापड शिवलं, काळ्या दोऱ्यात ओवली आणि देवासमोर ठेवून काकूंच्या गळ्यात घातली. कुलदेवीचा ताईत म्हणून. ताईत मात्र काकूंनी कधी काढला नाही. आंघोळीपुरता काका मागून घ्यायचे, तेवढ्यात चार्ज करायचे.

“बॅटरी किती टिकते?” मी विचारलं.

“दोन दिवस. मी डबीला सारखं बोलायला लावत नाही ना. ही हलली की डबी सांगते, फोनवरचा ठिपका सरकतो. नाही हलली तर गप्प बसते.” हे सांगताना त्यांचा चेहरा कसा फुलला होता म्हणून सांगू.

त्याच सुमारास समोरच्या पीजीच्या गच्चीवरच्या टॉवरवर नवे, पांढरे डबे चढले. फाइव्हजी आलं. गल्लीचं धाबंच दणाणलं. कोणाचं डोकं दुखायला लागलं, कोणाच्या कढीपत्त्याला कीड लागली, एका आजींना झोपेत मुंग्या येऊ लागल्या. उद्यानात सभा भरली. काका आपलं जुनं मीटर घेऊन आले, टॉवरखाली उभे राहिले, चार ठिकाणी आकडे घेतले आणि म्हणाले, “काही नाही. घाबरायचं तर मोजून घाबरा.”

काका एकाच गोष्टीला न मोजता घाबरत, ती म्हणजे फोनवरून फसवणारे लोक. पलीकडच्या एका बाईंना “तुमचं सिम बंद होणार” असा मेसेज पाठवून कोणी फसवलं, तेव्हा काकांनी फाटकावर कागदच चिकटवला, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत: सिम बंद होणार असा मेसेज आला तर हात लावू नका. मराठी वाचणारं गल्लीत माझ्याखेरीज कोण होतं, पण माझी सोय पाहिली त्यांनी.

आता माझी नोकरी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी मोबाइल नेटवर्कची योजना करणाऱ्या एका कंपनीत आहे. नव्या पिढीला जागा हवी म्हणून जुनं थ्रीजी बंद करायचं. कुठल्या टॉवरवरून ते कुठल्या दिवशी काढायचं, याची यादी माझ्या टेबलावर बनते. बाकीच्या शहरातून ते आधीच गेलं होतं. आमचा भाग शेवटचा. गल्लीच्या टॉवरपुढे बुधवार, सकाळी अकरा, असं मीच टाइप केलं. आता घरून काम करताना मीटिंग अडकणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

त्या बुधवारी दुपारी चारला मी काकूंसाठी केळी घेऊन खाली गेले. काका मिक्सर उघडून बसले होते. “काकू कुठंयत?”

फोन, चष्मा, नाक. “आहे. मागच्या खोलीत झोपलीय. आज शहाण्यासारखी झोपलीय, जेवल्यापासून हललीच नाही.”

मी मागच्या खोलीत गेले. पलंग रिकामा. न्हाणीघर रिकामं. मागचं दार नुसतं लोटलेलं.

“काका, काकू नाहीयेत.”

ते उठून आले. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा पलंगाकडे. “ठिपका तर इथंच आहे,” म्हणाले. वाकून त्यांनी पलंगाखाली पाहिलं. पंचाहत्तरीचा माणूस गुडघे टेकून पलंगाखाली बायकोला शोधत होता, आणि मला माझी यादी आठवली. बुधवार. सकाळी अकरा. डबी गप्प होती ती काकू झोपल्या म्हणून नव्हे. ती ज्याच्याशी बोलायची ते जुनं थ्रीजी नेटवर्कच उरलं नव्हतं. आणि ते मी काढलं होतं.

घाबरले होते हो. सांगायलाही घाबरले आणि काकूंसाठीही घाबरले. “चला,” एवढंच म्हटलं आणि स्कूटर काढली.

काका मागे बसले. दोन्ही हातांनी माझे खांदे असे धरले होते की दुसऱ्या दिवशी वळ होते. उद्यान, देऊळ, दूधकेंद्र, सगळं पालथं घातलं. मोठ्या रस्त्यावर आलो तर बस, टँकर, कॅब, सगळे एकमेकांच्या अंगावर. दुभाजकाजवळ गर्दी दिसली आणि मी स्कूटर कडेला घेतली. काका मागून म्हणाले, “तू बघ. मी नाही बघत.” मी उतरून पाहिलं. घसरलेली बाइक होती, मुलगा उभा राहून पँट झटकत होता.

“अज्जी नोडिद्रा?” काका प्रत्येक रिक्षावाल्याला विचारत होते, आजी दिसल्या का म्हणून. एकानं विचारलं, साडी कुठल्या रंगाची? सकाळी साडी काकांनीच नेसवली होती. “निळी,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, “अंदाजे निळी.”

त्या शब्दावर मला रडू फुटलं. हेल्मेटची काच खाली ओढली.

पोलिसांत नोंद करून, उजेड जायच्या बेताला घरी आलो, फोटो न्यायला. तर फाटकात रिक्षा उभी आणि आत काकू, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाहुण्या आल्यासारख्या. मडिवाळच्या बाजारापाशी कोणा बाईनं बसवून दिलं आणि पत्ता सांगितला, एवढंच तो रिक्षावाला सांगू शकला.

पत्ता कसा कळला, ते ताईत पाहिल्यावर समजलं. कारखान्यातलं कुठलंही यंत्र लेबल लावल्याशिवाय विभागाबाहेर जात नसे. काकांनी त्या सवयीनं डबीवरही कागद चिकटवला होता: मालकाचं नाव, घराचा पत्ता, तपासणीची तारीख. ताईताची लाल शिवण कोणीतरी उसवली होती, वाचून पुन्हा शिवली होती, फुलं गुंफायच्या पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक, नीट टाके घालून. पुढे कितीतरी दिवस काका तो ताईत घेऊन मडिवाळच्या एकेका फूलवालीपुढे उभे राहिले. ती बाई काही सापडली नाही.

“दुपारपासून कुठे होती, काय खाल्लं, कोणाला घाबरली, काही कळणार नाही मला,” म्हणायचे. “हे कशानं मोजू?”

मी आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी जिन्यात त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं. नेटवर्क आम्ही काढलं, तारीख मला माहीत होती, डबी माझ्या डोक्यातच आली नाही. ते जिन्यावर बसले. मग त्यांनी फोनमधले तीन जुने मेसेज दाखवले. आपल्या नावावरचे थ्रीजी सिम बंद होणार आहे, उपकरण बदला. तिन्ही खरे. तिन्ही त्यांनी ब्लॉक केलेले.

“फाटकावर कागद मीच लावलेला ना,” म्हणाले. “तू आणि मी, दोघंही हुशार.” आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या टपलीपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मी नवीन डबी आणून दिली, नव्या नेटवर्कची. मिनिटामिनिटाला सांगणारी. काकांनी ती ताईतात घातली खरी, पण त्यांचा विश्वास उडाला होता. “मिनिटात काय काय होतं,” म्हणाले. त्या दिवसापासून ते काकूंच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधून ठेवू लागले. वर्तमानपत्र वाचताना, भाजी निवडताना, दुपारी खुर्चीत डुलकी घेताना. मी चिडवायची, “काय काका, पुन्हा लग्न लावलंत?” ते हसायचे नाहीत. त्यांच्या डोळ्यांत सतत एक भीती असे, आणि आख्ख्या गल्लीला धीर देणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती बघवत नसे.

वर्षभरानं, एका सकाळी दूध आत घेतलेलं दिसलं नाही म्हणून मी खाली गेले. काका व्हरांड्यात खुर्चीत होते, मान एका बाजूला. हात लावला आणि कळलं. शेजारी स्टुलावर काकू बसलेल्या, पदर ताणू नये म्हणून जरा पुढे सरकून. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे.

डॉक्टर आले. काकांना आत न्यायचं म्हणून मी मनगटावरची गाठ सोडायला वाकले. काकूंनी माझा हात धरला. इतका घट्ट त्यांनी कधी धरला नव्हता.

“सोडू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “मी हरवते.”

त्यांची लेक म्हैसूरला असते, ती दुपारी आली. तोवर मी कोणाला ती गाठ सोडू दिली नाही.