कौतिकभाऊंचा विळा

एरंडोलजवळच्या आमच्या गावात फवारणीचं औषध कौतिकभाऊ कालवायचे. मी पंप मारायचो. बारा वर्षं बरोबर काम केलं. कालवताना दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. स्वतः मात्र तोंड मिटत नसत.

लिंबाच्या पानांवर खैऱ्या रोगाचे डाग पडले की मोरचूद आणि चुना फवारतात. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. ऐकायला सोपं आहे. मोरचुदाची पुरचुंडी ते आदल्या संध्याकाळी रांजणात वरच्या वर टांगत. तळाशी टाकली तर सकाळपर्यंत अर्धी तशीच राहते. चुना वेगळा विरवायचा, दोनदा गाळायचा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी, सारख्या धारेने प्लास्टिकच्या पिंपात. हात थांबता कामा नये.

"पुना, मीठ पाण्यात टाकलं तर मीठच राहतं. पाणी आटवलं की परत मिळतं. इथं मोरचूदही परत येत नाही, चुनाही नाही. तिसरंच काहीतरी होतं," ते मला सांगत.

"चवीला कसं असतं, भाऊ?"

"चाटून बघ. तुझ्या घरी निरोप मी देतो."

शेवटी विळ्याची परीक्षा. चुना कमी पडला तर मोकळं मोरचूद पाण्यात उरतं आणि पानं जाळतं. मोरचुदात तांबं असतं. लोखंडाचं पातं मिनिटभर बुडवलं की मोकळ्या मोरचुदातलं तांबं त्यावर बसतं आणि पातं लाल होतं. लाल झालं तर आणखी चुना घालायचा. विळा त्यांचा स्वतःचा. गावात तसा चकचकीत विळा दुसरा नव्हता.

शहाऐंशी साली अभिमन आबांच्या लिंबाच्या बागेतली पानं जळली. विळा लाल झाला नव्हता, मी साक्षीला होतो. कौतिकभाऊंनी उन्हाला दोष दिला.

"ऊन काय माझ्याच बागेवर पडलं?" आबा म्हणाले. "कौतिक, पुढच्या साली पानं जळली तर कालवायला दुसरा माणूस येईल."

कालवणं गेलं असतं तर कौतिकभाऊंना माझ्याशेजारी पंप मारावा लागला असता. ते त्यांना मरणाहून वाईट वाटायचं. माझ्या पंपाबद्दल हे मत बरं नव्हे, पण होतं.

सत्त्याऐंशीत सगळं दुप्पट निगुतीने झालं. विळा बुडवला. पांढराच राहिला. "घे, भर पंप," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या बायको सुमनबाई निंदणीवरून आल्या आणि हातातलं खुरपं धुवायला सरळ पिंपात घातलं.

"अहो बाई! ते औषध आहे!" मी म्हणालो.

"मग काय, चिखल मरेल का त्यानं?"

"अगं, बाहेर काढ ते!" कौतिकभाऊ ओरडले.

"आधी ओरडणं थांबवा, मग काढते."

दोघं तसेच भांडत राहिले. खुरपं पाण्यातच. बाहेर आलं तेव्हा मातीने घासलेलं पातं तांब्याच्या गडव्यासारखं लाल झालं होतं.

कौतिकभाऊंनी विळा पुन्हा बुडवला. पांढरा. खुरपं बुडवलं. आणखी लाल.

सुमनबाईंनी विळ्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि बोट आपल्याच नाकाशी नेलं. "बठ्ठा तेलकट शे! रोज रात्री शेंगदाण्याचं तेल चोळता ना याला? माझ्या डोक्याला नसतं तेवढं!"

तेलाखाली लोखंड झाकलेलं. तांबं बसणार कुठे? गंज लागू नये म्हणून केलेली निगा परीक्षेलाच आड आली होती. गाळताना चुन्यातले खडे वर राहायचे, तेवढा चुना वजनातून कमी व्हायचा. तो फरक विळ्याने दाखवायला हवा होता.

चुन्याचं पाणी वाढवून, खुरपं पांढरं राहीपर्यंत आम्ही खपलो. तेवढ्यावर निभावलं असतं. आबांना कळायचं कारण नव्हतं. कौतिकभाऊ मात्र पंप भरू देईनात. बांधावर बसलेल्या आबांकडे गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "आबा, मागल्या साली ऊन नव्हतं. मीच होतो."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कालवणं तुझ्याकडेच राहू दे. परीक्षा सुमनबाई घेतील. त्यांचीही मजुरी धरा."

पानं जळली नाहीत. त्यानंतर सहा वर्षं कौतिकभाऊ औषध कालवून पिंपाशी हात बांधून उभे राहत, आणि सुमनबाई मुद्दाम सावकाश येत.