ताईला काय कळतंय

माझी थोरली बहीण जन्मापासून बौद्धिक अपंग. स्वतःची वेणी घालते, घड्याळ कळत नाही. रोह्याला माझ्याकडेच असते. तिला अंघोळ घालताना छातीतली गाठ माझ्या हाताला लागली.

पेणच्या डॉक्टरीणबाई फार शिकलेल्या. ताई समोर बसलेली असताना त्यांनी मला विचारलं, "हिला दुखतं का?"

"तिलाच विचारा ना."

मग बाई बहिऱ्याशी बोलावं तशा ओरडल्या, "एक ते दहामध्ये किती दुखतं?"

"दहा!" ताई हसून म्हणाली. दहा तिचा आवडता आकडा. बाईंनी दुखत नाही असं ठरवून टाकलं.

सोनोग्राफीच्या खोलीत त्यांनी काही न सांगता तिच्या ब्लाऊजला हात घातला, तशी ताई त्यांच्या मनगटाला कडकडून चावली.

"पेशंट सहकार्य करत नाही," बाई मनगट चोळत म्हणाल्या.

"तुमच्या ब्लाऊजला कुणी असा हात घातला, तर तुम्ही कितपत सहकार्य कराल?" मी विचारलं.

ताईने टेबलाकडे बोट दाखवलं. "आधी तू झोप."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी चपला काढून त्या आडव्या झाल्या. ताईने त्यांच्या हाताला ते चिकट जेल फासलं, वर मशीनचा दांडा फिरवला.

"गार हाय ना गो?"

"हो, गार आहे."

"दुखत नाय ना?"

"नाही."

मग ताई आपणहून झोपली.

पुढच्या तपासणीत कॅन्सर निघाला. वडखळची मावशी धावत आली. "तिला सांगू नको गो, तिला काय कळतंय!" असं ताईच्या देखत म्हणाली, आणि कॅन्सरने गेलेली गावातली सगळी माणसं तिथेच बसून आठवली. ताईचा घास हातातच राहिला.

मावशी गेल्यावर मी ताईला सांगितलं, "गाठ वाईट हाय. डॉक्टर ती काढतील. छातीची ती बाजू सपाट होईल."

"परत नाय येणार?"

"नाय."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "तू तिथं थांबशील?"

"व्हय."

ऑपरेशननंतर मावशी दुखवट्याचा चेहरा करून भेटायला आली. ताईने पदर बाजूला करून तिला टाके दाखवले आणि म्हणाली, "आता तुझं बघू. गाठ हाय का?" मावशी चहालासुद्धा थांबली नाही.

ताई आता बरी आहे. तपासणीला गेलं की बाई आधी तिच्याशी बोलतात, प्रत्येक वस्तू तिच्या हातात देऊन दाखवतात. माझ्याशी मात्र अजून तुटकच वागतात.