कशावरून बाई

आमच्या इतिहासाच्या बाईंना कोणी "नमस्कार, आज फार उकडतंय" असं म्हटलं तरी त्या आधी खिडकीबाहेर बघत आणि मग नमस्कार करत. पुराव्याशिवाय कोणतंही विधान त्यांच्या दारातून आत येत नसे. वर्गात कोणी काही सांगितलं की चष्म्यावरून पाहत त्या एकच शब्द विचारत, "कशावरून?" त्यामुळे त्यांचं आडनाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. सगळं कॉलेज त्यांना कशावरून बाई म्हणायचं. हे त्यांना माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती, कारण ते सिद्ध करता येण्यासारखं होतं.

कर्वेनगरातल्या त्या कॉलेजात मी इतिहास शिकायला गेलो नव्हतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पुण्यात आलो तो कॉम्प्युटरसाठी. त्या दिवसांत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि कॉम्प्युटर शिकलेला माणूस उपाशी राहत नाही अशी बातमी आमच्या गावापर्यंत पोचली होती. पण वसतिगृहात जागा हवी तर कॉलेजात नाव हवं. म्हणून सकाळी बी.ए. आणि संध्याकाळी क्लास. 'भारतीय लोकांचा इतिहास आणि संस्कृती' हा विषय घेतला, कारण तो सकाळी लवकर संपायचा.

पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "या विषयाच्या नावात भारतीय लोक आहेत. राजे नाहीत. राजे मधूनमधून येतील, पण ते पाहुणे समजा." बाई आम्हा पोरासोरांनाही अहो-जाहो करत. आपुलकी वाढली तरी त्यात सवलत मिळत नसे. राग आला तरी अरे-तुरे होत नसे. उलट "आपण" सुरू झालं की समजावं, आज धडगत नाही.

वर्गात नसरीन नावाची एक मुलगी होती. तिचं घर जुन्या पेठेत, कागद बनवणाऱ्यांच्या आळीत होतं. आमच्या पूर्वजांचा कागद पेशव्यांच्या कचेरीत जात होता, असं ती एकदा अभिमानाने म्हणाली. त्यावर मंदार म्हणाला की पण तुम्ही लोक मुळात बाहेरूनच आलात ना. मंदार वाईट मुलगा नव्हता. घरी ऐकलेलं बोलण्याची त्याला सवय होती, एवढंच. त्याचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे तो जे ऐके ते जरा मोठ्या आवाजात बोले.

आम्हाला वाटलं, बाई आता त्याला फाडून खाणार. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'माझं घराणं पुण्यात कधी आलं?' आणि सगळ्यांना तोच प्रकल्प दिला. मग दोघांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही म्हणता, हे बाहेरून आले. कशावरून? आणि तुम्ही म्हणता, तुमचा कागद पेशव्यांकडे जायचा. कशावरून?"

नसरीनला हे लागलं. तासानंतर ती जिन्यात रडली. बाईंनी निदान आज तरी आपली बाजू घ्यायला हवी होती, असं तिचं म्हणणं. ते कोणीतरी बाईंच्या कानावर घातलं. त्या तिला म्हणाल्या, "तुम्हाला सूट दिली असती, तर तुम्ही पाहुण्या आहात हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. घरच्या माणसाला हिशेब विचारतात."

पुढचे काही आठवडे आम्ही आपापल्या घराण्यांचा पिच्छा पुरवला. मला काहीच करावं लागलं नाही. मी जूनमध्ये आलो होतो आणि एसटीचं तिकीट अजून खिशात होतं. वर्गात ठोस पुरावा असलेला मी एकटाच निघालो. बाईंनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं, सही केली आणि पुढच्याकडे वळल्या.

मंदारने घरची तलवार चादरीत गुंडाळून बसने आणली. पूर्वज पेशव्यांच्या घोडदळात होते, त्यांची ही तलवार. कंडक्टरने तिचंही तिकीट घेतलं होतं. बाईंनी खिडकीशी नेऊन तलवार निरखली. मुठीखाली, पितळेवर, नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानाचा शिक्का होता. वर्गात हसू पसरायच्या आत बाई म्हणाल्या, "घोडेस्वार घरोघरी सापडतात हो. तुमच्या घरात कोणीतरी नट होता. हे दुर्मीळ आहे. त्याला शोधा."

आणि मंदारने शोधला. आत्याच्या खनपटीला बसून त्याने काढून घेतलं की पणजोबा सोळाव्या वर्षी संगीत नाटक मंडळीत पळून गेले होते, नायिकांची कामं करायचे आणि त्यांच्या शालूवर गावोगाव लोक भाळायचे. घराने त्यांचं नाव टाकलं होतं. पुढे तलवार तेवढी घरात राहिली आणि तिला हळूहळू घोडा मिळाला. आत्याच्या ट्रंकेतला, नऊवारी नेसलेला पणजोबांचा फोटो मंदारने वर्गात फिरवला. त्याला इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

नसरीनच्या हाती उलटंच आलं. तिच्या आजोबांनी सरळ सांगून टाकलं की आपण जुन्नरहून आलो, माझ्या वडिलांच्या वेळी. पेशवे तेव्हा कुठले? पेशव्यांचं मी तुला झोपवताना सांगायचो. नसरीनने ते तसंच लिहिलं. आपल्या घराण्याची कथा खोटी ठरली, असं स्वतःच्या हाताने लिहिणं तिला किती जड गेलं असेल, ते तिच्या खाडाखोडीत दिसत होतं. बाईंनी तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले आणि तो प्रकल्प उभ्याने वाचून दाखवला. बसून वाचता आला असता. बाईंचे गुडघे दुखायचे.

तक्रार आली ती मंदारच्या घरून. कार्यकारिणीच्या सभासदाच्या आजोबांना लुगडं नेसवलं, हा घराण्याचा अपमान होता. प्राचार्यांनी बाईंना बोलावून लेखी दिलगिरी मागितली. बाई म्हणाल्या की ही तलवार एखाद्या लढाईत होती असं आपण दाखवून द्या, मी आजच लिहून देते. प्राचार्य भला माणूस होता. त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

पुढच्या वर्षी बाईंचा विषय बंद झाला. आमच्या वर्गखोलीत कॉम्प्युटरची प्रयोगशाळा आली आणि कॉलेजातलं पहिलं वातानुकूलन यंत्र बसलं. आम्ही खवळलो. हा सरळ सूड होता, असं आमचं मत पडलं. मंदार तर वडिलांशी बोलेनासा झाला. निवेदन तयार करून आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"सूड घेतला, कशावरून?"

आम्ही म्हणालो, उघड आहे.

"उघड काय आहे ते ऑफिसात बघून या. यंदा या विषयाला अर्जच आलेले नाहीत. हे वाईट आहे, पण खरं आहे. तुम्ही सांगता ते मला नुसतं सोयीचं आहे."

निवेदन त्यांनी घडी घालून परत दिलं. मग आमच्याकडून नकाशे आणि कपाटं जिन्याखाली हलवून घेतली. शेवटचा नकाशा उतरवल्यावर त्यांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. "खिळे काढून घ्या," म्हणाल्या, "कोणाच्या तरी सदऱ्याला लागतील."

निवृत्तीपर्यंतची वर्षं त्यांनी कॉम्प्युटरच्या मुलांना संवादकौशल्य शिकवण्यात काढली. म्हणजे मत कशाला म्हणतात आणि माहिती कशाला, हे शिकवलं. ती मुलं मुलाखतीत उलट प्रश्न विचारू लागल्याचं ऐकिवात आहे.

आम्ही पांगलो. नसरीन शाळेत इतिहास शिकवू लागली. मंदार बँकेत लागला. पणजोबांचा फोटो वडिलांनी दिवाणखान्यात लावू दिला नाही, म्हणून त्याने तो लग्नानंतर स्वतःच्या फ्लॅटमध्ये दारासमोरच लावला. मी हडपसरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा झालो. दुसऱ्याने "चालतंय" म्हटलेलं खरंच चालतंय का, हे बघायचा मला पगार मिळतो. यासाठी मी जो कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्याचा काही उपयोग झाल्याचं आठवत नाही.

बाई विश्रांतवाडीला छोट्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. मी दिवाळीला, पाडव्याला जाऊन येई. एका वर्षी नवरात्राच्या आसपास त्या आजारी असल्याचं नसरीनने कळवलं, म्हणून गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मी तब्येत विचारली.

"डॉक्टर म्हणतात, हृदय फार दिवस साथ देणार नाही. मी रिपोर्ट पाहिले. पुरावा पुरेसा आहे."

मी खुर्ची ओढून बसलो. त्याच पुढे म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत माझ्याकडून एक राहून गेलं. सगळ्यांची घराणी उकरली आणि तुमचं तिकीट पाहून पुढे गेले. तुम्ही कुठून आलात, ते विचारलंच नाही. तुमच्याकडे या दिवसांत काय करतात?"

मी सांगितलं, पुण्यात भोंडला, तसं आमच्याकडे भुलाबाई. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. बाईंनी गाणं म्हणा म्हटलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून मी एक ओळ म्हटली. पुढची येईना. आई म्हणायची, पण आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मग गावी मावशीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बाईंच्या उशाशी ठेवला.

मावशीने आढेवेढे घेतले आणि मग सुरू झाली ती थांबेना. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एखादा शब्द विचारत, मावशी समजावून सांगे. सगळी गाणी झाल्यावर मावशी म्हणाली, "आता खिरापत ओयखा, बाई."

बाईंनी डोळे उघडले. खोबरं-साखर? नाही. फुटाणे? नाही. शेंगदाण्याचा लाडू? तोही नाही. बाई एकामागून एक म्हणत गेल्या, आणि मावशी तिकडून नाही, नाही म्हणत हसत राहिली. मी उठून चहा ठेवला. परत आलो तेव्हा दोघींचं मावशीच्या माहेराबद्दल चाललं होतं आणि माझी कोणाला गरज नव्हती.

बाई त्यानंतर महिनाभरात गेल्या. अंत्यसंस्काराला मंदार होता, नसरीन होती. कोणी भाषण केलं नाही.

मावशीला मी हे कळवलेलं नाही. पुढच्या भादव्यात तिचा आपण होऊन फोन आला. "त्या बाईले सांगजो रे," ती म्हणाली, "आनखी एक गानं आठोलं मले."

मी ऑफिसात होतो. बाहेर जिन्यात आलो, पायरीवर बसलो आणि म्हणालो, "म्हण. मी लिहून घेतो."