खाचेतलं कुंकू

त्या खंडेनवमीला मी आईवर खोटा आळ घेतला. तीन वर्षं हे आईखेरीज कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो.

अर्धापूरच्या आमच्या अंगणात मी जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतला होता. हा पट्टा इंजिनाचं वरचं आणि खालचं चाक एका लयीत फिरवतो. एका दात्याची चूक झाली तरी इंजिन आतून मार खातं. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी दोन्ही चाकांच्या खुणा जुळवून त्या रंगवून ठेवायच्या असतात. मोबाईलवर बघून शहाणा झालेल्या मी ते केलंच नाही. मी जेवायला बसलो तेव्हा आईनं रिवाजाप्रमाणे पाने, हातोडी आणि इंजिनाचं उघडं वरचं चाक हळदीकुंकवानं पुजलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला ऑपरेशन होतं, आणि न्यायचं याच गाडीनं.

पट्टा चढवून चावी फिरवली तर इंजिन खडखडून गचकन बंद पडलं. आई धावत आली. मी ओरडलो, "तुझ्या कुंकवानं माझी खूण झाकली!" खूण मी केलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "दिसत न्हाई रे मला, चुकलं आसंल." दसऱ्याला ती देवघराकडे फिरकली नाही. "माझा हात आता देवाच्या कामाचा न्हाई. ऑपरेशन बी ऱ्हाऊ दे," म्हणाली. तरी माझ्या तोंडून खरं निघेना. गाडीजवळ बसून मनात म्हटलं, देवा, मला आता काहीच येत नाही.

दुपारी केळीच्या टेम्पोचा एक म्हातारा ड्रायव्हर गाडी तापली म्हणून पाणी मागायला आला. पसारा बघून हसला. "इंजिन हाय का मुरमुऱ्याचं पोतं? सगळं सांडून ठिवलंय. आधी हातानं फिरवून बघितलं व्हतं का?"

"नाही, काका."

"हुशार हाव लई!"

त्यानं पाना लावून इंजिन हळूहळू दोन फेरे फिरवलं. कुठं अडकलं नाही. "वाचलात," म्हणाला. मग वरच्या चाकाशी थबकला. कंपनीनं कोरलेली बारीक खाच कुंकवानं भरली होती, बरोबर इंजिनावरच्या रेघेसमोर. "ही खूण कुणाची? अगदी नेमकी हाय." खालच्या चाकावरचं तेलकट किटण त्यानं पुसलं, तर तिथली खूण एक दाता सरकलेली. चूक माझीच होती. मी पट्टा सैल केला, दाता जुळवला, ताण दिला आणि पुन्हा दोन फेरे हातानं फिरवून बघितलं. इंजिन शांतपणे सुरू झालं. नाव विचारलं तर म्हातारा म्हणाला, "पाणी पाजलंत, बास झालं."

मी आत गेलो आणि आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोटाला खळगा लागला. वाटलं, इथंच कपाळ हाय ह्या चाकाचं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या किती वाजता निघायचं?"

त्या म्हाताऱ्याला कुणी पाठवलं, मला ठाऊक नाही, आणि मी ते शोधतही नाही. डोळे माझे चांगले होते. खाच मात्र आईच्या चाचपणाऱ्या बोटांना सापडली. आता गाडीचं कुठलंही काम काढलं की आधी आईला हाक मारतो. ती चाचपत नाही आता, नीट बघून कुंकू लावते. तोवर मी पान्याला हात लावत नाही.