घोळीच्या खवल्यांच्या पुतळ्या

प्लेग मुंबईत यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती आणि माझं लग्न होऊन पहिलाच पावसाळा. आषाढात माहेरहून निरोप आला, आई अंथरुणाला खिळली आहे. आगबोटी बंद होत्या. नारळी पौर्णिमेला बंदर उघडेल, मग धाडा, असं मी सासूला विनवलं.

त्याच वर्षी दिरांनी गावच्या घराची वाटणी केली होती. गौरीचे दागिने त्यांनी ठेवून घेतले आणि आमच्याकडे आला नुसता मुखवटा. चाळीत हसं होणार म्हणून सासूचा जीव खालीवर. ती मला म्हणाली, "तू हाताची हुशार मां? आदी भादव्यातली गौर नटव. चाळ बघीत रवली पायजे, मगे दुसऱ्या दिसाक तुका आगबोटीत बसवतंय."

मी लागलेच कामाला. सरकी ओवून पाहिली, ती म्हशीच्या गळ्यात शोभली असती. भोपळ्याच्या बिया हळदीत उकळल्या, त्या वाळून वाकड्या झाल्या. मोत्यांसाठी साबुदाणा जमला, पण सोन्याच्या नाण्यांसारख्या पुतळ्यांच्या माळेचं काय? माझ्या डोक्यात घोळीचे खवले आले. चांगले रुपयाएवढे गोल, वर बारीक रेषा, ठसा उमटवल्यासारख्या. आषाढ संपायच्या आत चाळीच्या तोंडाशी बसणाऱ्या कोळणीकडून मागून घेतले, रिठ्याच्या पाण्यात चार दिवस घासले, हळदीत बुडवून वाळवले. वासाचा मागमूस उरला नाही. नवऱ्याने गिरणीतून सूत आणून दिलं. कशाला, ते त्याने विचारलं नाही आणि सासूनेही नाही.

गौर अशी नटली की बायका दारात खोळंबल्या. सासू सगळ्यांना सांगत होती, "माझ्या सुनेन केल्यान." तिने माझं कौतुक केल्याचं मला तेवढंच आठवतं.

शेजारणीने हळदीकुंकू लावून घेता घेता विचारलं, "पुतळ्या कसल्या गं?"

मी हसत सांगितलं, "घोळीचे खवले."

माझ्या माहेरची गौर वडे-सागोती खाते, चिंबोऱ्या खाते. देवीला मासळीचं वावडं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासरची गौर शुद्ध शाकाहारी निघाली. सासूने माळ तोडून मोरीत फेकली, गोमूत्र शिंपडलं आणि सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, "देवीक बाटवलंस! आता माहेराचा नाव काढू नको."

नवरा खाली मान घालून बसला होता. गिरणीत दहा माणसांशी भांडणारा माणूस, पण आईपुढे त्याची दातखीळ बसे. आगबोट दुसऱ्या दिवशी माझ्याशिवाय सुटली.

पंधरा दिवसांनी गावचा माणूस आई गेल्याचं सांगायला आला. शेवटी तिची नजर दाराकडे होती, हेही त्याने सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. तेव्हा सासू पदराने डोळे पुसत म्हणाली, "जा गो आता, बाराव्याक तरी जा."

मी गेले नाही. सासूला मी कधी माफ केलं नाही, नवऱ्यालाही नाही. पण खरा संताप माझा मलाच येतो. सगळ्या बायकांपुढे मिरवायच्या हौसेने मी खरं बोलले. शेजारणीला एक थाप मारली असती, तर आईचं तोंड दिसलं असतं.