चरून झालेली वाट

जन्मभर मेंढरांमागं ऊन, पाऊस, थंडी तुडवली, पण केरबाचे पाय कधी दुखले नव्हते. मेंढरं विकून तो शहरात, मुकुंदवाडीत लेकाच्या पत्र्याच्या खोलीत आला आणि उन्हाच्या धाकानं घरात बसून बसून एकाच उन्हाळ्यात त्याचे गुडघे पार आखडले. डॉक्टर म्हणाले, “बाबा, ऊन चढायच्या आत अर्धा तास चालून येत जा.”

दुसऱ्या दिवशी केरबा सकाळी सहाला निघाला. भर दुपारी तो लेकाला, अजिनाथला, पार शहराबाहेर, चितेगावच्या रस्त्यावर सापडला. एका बाभळीखाली, ओठ सुकलेले, उन्हानं बधिर झालेला.

“माघारी का नाय फिरला, आबा?” अजिनाथ कावला.

“चरून झालेल्या वाटंनं मेंढरं माघारी नेत नसत्यात.”

“मेंढरं हायत कुठं आता?”

केरबानं मान वळवून मागं बघितलं. लांबवर नुसता डांबरी रस्ता तापत होता.

आता अजिनाथ कामावर जाताना बाहेरून कडी लावतो. पाऊस पडेपर्यंतच, म्हणतो. आत केरबा चालायला उठतो. चार पावलांवर भिंत येते, आणि तो तिच्याकडं तोंड करून तसाच उभा राहतो.